‘कोचचं ऐक’ म्हणण्याआधी : अमेरिकेतल्या मराठी आईबाबांना खुले पत्र

प्रिय आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर तोंडावर आला आहे. ज्यांची मुलं बारावीत आहेत आणि पोहतात, धावतात, टेनिस खेळतात, त्यांच्या घरी सध्या दुसरा विषय नसणार. कोणत्या कॉलेजची ऑफर, किती टक्के स्कॉलरशिप, सही कधी करायची. यंदा गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत चारपाच जणांनी मला हेच विचारलं, कारण माझी मुलगी या वाटेने जाऊन आली आहे. मी उभ्याउभ्या काहीतरी उत्तरं दिली. जे सांगायला हवं होतं ते मोदक हातात धरून सांगण्यासारखं नव्हतं. ते आता लिहिते आहे. मुलीला वाचून दाखवलं आहे, तिची हरकत नाही. तिच्या कॉलेजचं नाव मात्र लिहिणार नाही.

ती २०० यार्ड बटरफ्लाय पोहायची. आठव्या वर्षापासून क्लबमध्ये होती. पहाटे साडेचारला उठणं, केसांना कायमचा क्लोरीनचा वास, गाडीत मागच्या सीटवर डब्यातला पराठा, हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको. स्पर्धेच्या दिवशी आपण पालकच लेनच्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन उभे राहतो. तिने भिंतीला हात लावला की माझा अंगठा आपोआप दाबला जायचा. डी-वन, म्हणजे खेळांतल्या सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजने तिला घेतलं तेव्हा डोंबिवलीला आईला फोनवर सांगताना मला रडू आवरलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात तिचा उजवा खांदा दुखायला लागला. संघात दुखापती बघायला एक ट्रेनर होती, तिने तो तपासला. एका गुरुवारी संध्याकाळी फोन आला. पूलच्या मागच्या पार्किंगमध्ये उभी होती, फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. ‘आई, ट्रेनर म्हणते दोन आठवडे हात अजिबात चालवू नकोस. कोच म्हणतात दुखतं सगळ्यांनाच, उद्या पाण्यात आली नाहीस तर पुढच्या मीटला तुझं नाव नाही. काय करू?’ मी ऑफिसातून घरी निघाले होते, सिग्नलला थांबले होते. मी म्हटलं, ‘अगं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. कोचचं ऐक. त्यांना जास्त कळतं.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला.

सहा आठवडे ती त्या खांद्याने पोहली. जानेवारीत एमआरआय काढला तेव्हा खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चा, जिला लेब्रम म्हणतात, ती फाटलेली निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि बटरफ्लाय तिथेच संपलं. आजही घरी आली की वरच्या फळीवरचा डबा ती डाव्या हाताने काढते.

आमचं नुकसान एवढंच, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यापुढे ते काहीच नाही. त्या कोचना मी राक्षसही म्हणत नाही. पण माझं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तो सगळा हिवाळा आणि त्यानंतरचे कितीतरी महिने मी कॉलेजच्या खेळांतल्या मोठ्या प्रकरणांचे चौकशी अहवाल आणि कोर्टातल्या साक्षी वाचत बसले. आपण या बातम्या टीव्हीवर पाहतो आणि ‘फुटबॉलवाल्यांचं काहीतरी’ म्हणून चॅनल बदलतो. मीही तेच करत आले होते. वाचायला लागल्यावर दिसलं, की जिथे जिथे मूल काही बोललं होतं तिथे कुणीतरी मोठ्या माणसाने त्याला मी दिलं तेच उत्तर दिलं होतं.

जॉर्डन मॅकनेअरचं प्रकरण आधी सांगते. मेरीलँड विद्यापीठ, कॉलेज पार्क. आपल्यापैकी कितीतरी जण तिथून वीसपंचवीस मिनिटांवर राहतात. जॉर्डन १९ वर्षांचा होता, फुटबॉलच्या संघात. २९ मे २०१८ रोजी संघाला ११० यार्डांच्या एकामागून एक दौडी मारायला लावल्या होत्या. त्याला उष्माघात झाला. पाय चालेनात, तरी त्याला दोन्ही बाजूंनी धरून पुढे नेलं. अंगात ताप १०६ फॅरनहाइटपर्यंत गेला. उष्माघातावर पहिला उपाय म्हणजे माणसाला ताबडतोब थंड पाण्याच्या टबात बसवणं. वेळेत केलं तर जवळजवळ प्रत्येक जण वाचतो, आणि त्यासाठी लागतो काय, एक टब आणि बर्फ. तिथे ते केलं गेलं नाही. बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेल्या चौकशीत निघालं, की लक्षणं दिसल्यापासून अ‍ॅम्ब्युलन्स निघेपर्यंत १ तास ३९ मिनिटं गेली होती. १३ जूनला जॉर्डन गेला.

पुढचं मला जास्त झोंबलं. संघातल्या वातावरणाची वेगळी चौकशी झाली, त्या अहवालात म्हटलं होतं की बरीच मुलं बोलायलाच घाबरत होती आणि त्यामुळे प्रश्न आतल्या आत चिघळत गेले. म्हणजे कॉलेजातली, सहा फूट उंचीची, शंभर-सव्वाशे किलोची मुलं. आपल्याला वाटतं घाबरायचं ते लहान पोरींनी. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ३० ऑक्टोबरला मुख्य कोचला कायम ठेवायचं ठरवलं. विद्यार्थी, पालक आणि राज्यातले राजकारणी खवळले तेव्हा दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष वॉलेस लोह यांनी त्याला काढलं. जॉर्डनच्या आईवडिलांना २०२१ मध्ये ३५ लाख डॉलर मिळाले. त्यांनी मुलाच्या नावाने संस्था काढली, राज्यात त्याच्या नावाने कायदा झाला. ते गावोगाव जाऊन पालकांना विचारतात, तुमच्या मुलाच्या मैदानावर थंड पाण्याचा टब आहे का. मी माझ्या मुलीच्या कॉलेजला कधी काही विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, जेवणात शाकाहारी मिळेल का.

आता मिशिगन स्टेट विद्यापीठ. याबद्दल लिहायला हात धजत नाही, पण याच्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

लॅरी नासर हा तिथला क्रीडावैद्यक डॉक्टर. विद्यापीठाच्या खेळाडूंना तपासायचा, अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक संघाचाही डॉक्टर होता. कंबर दुखते, मांडीचा स्नायू ताणला म्हणून मुली त्याच्याकडे जायच्या आणि तो उपचाराच्या नावाखाली त्यांच्यावर लैंगिक अत्याचार करायचा. १९९७ मध्ये विद्यापीठात जिम्नॅस्टिक शिकायला येणाऱ्या १६ वर्षांच्या एका जिम्नॅस्टने तिथल्या कोचला हे सांगितलं होतं. तिच्या साक्षीनुसार तिला उत्तर मिळालं की तक्रार केलीस तर परिणाम गंभीर होतील. त्यानंतरही खेळाडू बोलत राहिल्या. २०१४ मध्ये रीतसर तक्रार झाली, विद्यापीठाने चौकशी केली. चौकशीत ज्या वैद्यकीय तज्ज्ञांचं मत घेतलं ते चौघेही त्याच विद्यापीठाशी जोडलेले. निष्कर्ष असा, की तक्रार करणाऱ्या बाईला वैद्यकीय उपचार आणि अत्याचार यांतला बारीक फरक कळला नाही. कुंपणानेच शेत खाल्लं आणि शेताला सांगितलं, तुला कळत नाही. नासर त्यानंतर आणखी दोन वर्षं मुली तपासत होता.

शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये रेचल डेनहोलँडर नावाची तरुण वकील, जी १५ वर्षांची असताना त्याच्याकडे उपचारांना गेली होती, ती स्वतःचं नाव देऊन ‘इंडियानापोलिस स्टार’ या वर्तमानपत्राशी बोलली. पोलिसांकडे ती स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं घेऊन गेली होती. मग धरणच फुटलं. जानेवारी २०१८ मध्ये लॅन्सिंगच्या कोर्टात न्यायाधीश रोझमेरी अ‍ॅक्विलिना यांनी जिला बोलायचं आहे तिला बोलू दिलं. सात दिवस, १५६ निवेदनं. २४ जानेवारीला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. विद्यापीठाने ५० कोटी डॉलर भरपाई कबूल केली. २०१९ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने ४५ लाख डॉलर दंड केला.

आकडे वाचून माणूस सुन्न होतो आणि मग विसरतो. मला विसरता येत नाही ती एक गोष्ट वेगळी आहे. अनेकदा त्या खोलीत आई होती. रेचलची आईही होती. तो अशा कोनात उभा राहायचा की आईला मुलीचं डोकं आणि पाठ दिसावी, त्याचे हात दिसू नयेत, आणि त्याच वेळी आईशी गप्पा मारत राहायचा. ती आई बेफिकीर नव्हती. ती गाडी चालवून, रजा काढून, अपॉइंटमेंटसाठी महिनाभर थांबून आली होती. एवढा मोठा डॉक्टर आपल्या पोरीला बघतोय याचा तिला आनंद झाला असणार. मी तिच्या जागी असते तर मीही डॉक्टरांना विचारलं असतं, डॉक्टर, दिवाळीचा फराळ आणू का पुढच्या वेळी.

फेब्रुवारीत दुसऱ्या कोर्टात शिक्षेची सुनावणी होती. तीन मुलींचा बाप तिथे होता, दोघी नुकत्याच बोलून खाली उतरल्या होत्या. त्याने न्यायाधीशांकडे मागितलं, मला या माणसाबरोबर बंद खोलीत पाच मिनिटं द्या. नाही म्हटल्यावर तो नासरच्या अंगावर धावून गेला आणि पोलिसांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. तो नंतर माफी मागत होता आणि न्यायाधीशांनी त्याला शिक्षा केली नाही. ते चित्रीकरण मी एकदाच पाहिलं, पुन्हा पाहवलं नाही.

मुलग्यांच्या आईबाबांनी हे वाचून सुटकेचा श्वास टाकू नये. ओहायो स्टेट विद्यापीठात रिचर्ड स्ट्रॉस नावाचा संघाचा डॉक्टर होता, १९७८ ते १९९८. विद्यापीठानेच नेमलेल्या चौकशीने २०१९ मध्ये सांगितलं की त्याने किमान १७७ विद्यार्थ्यांवर अत्याचार केले, सगळे मुलगे, त्यांत कितीतरी कुस्तीगीर. तक्रारी १९७९ पासून कानावर येत होत्या. तो सन्मानाने निवृत्त झाला आणि २००५ मध्ये मेला. पोरांनी कोर्टात धाव घेतली तेव्हा विद्यापीठाने सांगितलं, आता मुदत गेली. त्या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं, शेवटी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाचं ऐकायला नकार दिला तेव्हा दावे पुढे सरकले. मिशिगन विद्यापीठात (हे मिशिगन स्टेटहून वेगळं) डॉक्टर रॉबर्ट अँडरसनचं तसंच, जवळपास १०५० जण, ४९ कोटी डॉलर भरपाई. मुलगा चाळिशीपन्नाशीत पोचल्यावर पहिल्यांदा तोंड उघडतो, कारण विसाव्या वर्षी त्याला वाटलेलं असतं की पहिलवानाने असं काही सांगितलं तर लोक हसतील. आपल्या घरात मुलग्यांना आपण काय शिकवतो ते आठवा. रडतोस काय मुलीसारखा.

पेन स्टेट विद्यापीठाचं तुम्हाला माहीत असेल. तिथे बळी पडलेली मुलं कॉलेजची नव्हती, सहायक कोच जेरी सँडस्कीच्या सेवाभावी संस्थेतली गरीब घरची लहान मुलं होती. २००१ मध्ये एका तरुण सहायकाने त्याला फुटबॉलच्या शॉवरमध्ये एका मुलाबरोबर पाहिलं. त्याने मुख्य कोच जो पॅटर्नो यांना सांगितलं, पॅटर्नोंनी वरच्यांना, वरच्यांनी अध्यक्षांना. निरोप जिना चढत गेला, पोलिसांपर्यंत मात्र कुणी गेलं नाही. सँडस्कीला अटक झाली ती दहा वर्षांनी, २०११ मध्ये. त्या मधल्या दहा वर्षांतली मुलं कुणाच्या हिशेबात धरायची? पॅटर्नोंना काढलं त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले ते कोचच्या बाजूने, टीव्हीवाल्यांची गाडी उलटी केली. त्या गर्दीत आपली मुलंही असू शकली असती. संघावरचं प्रेम माणसाला कुठे नेतं ते मला तेव्हा समजलं.

आता अभ्यास. आपण मराठी माणसं, खेळ कितीही आवडला तरी मनात एक कोपरा असतो की डिग्री चांगली मिळते ना. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, चॅपल हिल. अमेरिकेतल्या चांगल्या सरकारी विद्यापीठांतलं एक. तिथे १९९३ पासून २०११ पर्यंत, १८ वर्षं, एका विभागात असे कोर्स चालले ज्यांचा वर्ग भरतच नव्हता. शेवटी एक निबंध द्यायचा. तो तपासायची विभागातली कारकून बाई, प्राध्यापक नव्हे, आणि गुण भरघोस. ३१०० विद्यार्थ्यांनी असे कोर्स घेतले, त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू, कारण खेळाडूंना अभ्यासात मदत करायला नेमलेली माणसंच त्यांना तिकडे वळवत होती. म्हणजे गुण कमी पडले की खेळायची पात्रता जाते, ती जाऊ नये म्हणून. खेळाडूंना अभ्यासात मदत करणाऱ्यांपैकीच मेरी विलिंगहॅम नावाच्या बाईने हे बाहेर बोलून दाखवलं तर तिच्यावरच सगळे तुटून पडले. आणि २०१७ मध्ये कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने सांगितलं, आम्हाला शिक्षा करता येत नाही, कारण ते कोर्स खेळाडू नसलेल्या विद्यार्थ्यांनाही खुले होते. हे वाचून मी पुस्तक मिटवून ठेवावं तसा लॅपटॉप मिटवला होता. ज्या मुलांना ‘तुला शिकवतो’ म्हणून आणलं त्यांना शिकवलंच नाही, आणि ते सगळ्यांनाच शिकवलं नाही म्हणून गुन्हा नाही.

तेव्हा तुमच्या मुलाला इंजिनिअरिंग करायचं असेल तर कोचला नव्हे, त्याच संघातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारा, तुमच्यात इंजिनिअरिंगचे किती. लॅब दुपारी असते, प्रॅक्टिसही दुपारी असते. मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदललेली मुलं भेटली तर का बदललं ते विचारा.

पालकांनी स्वतः केलेल्या पापाचीही एक गोष्ट आहे, तिच्यावर फार शब्द घालवत नाही. मार्च २०१९ मध्ये बॉस्टनच्या कोर्टातून ‘व्हार्सिटी ब्लूज’ प्रकरण बाहेर आलं. रिक सिंगर नावाचा दलाल लाखो डॉलर घेऊन कोचना लाच द्यायचा आणि कधीच न खेळलेल्या मुलांना नौकानयनाचे, वॉटर पोलोचे खेळाडू म्हणून दाखवायचा. सुरुवातीलाच ३३ पालकांवर आरोप ठेवले गेले. महाराष्ट्रातही क्रीडा कोट्यातून नोकरी मिळवायला बनावट प्रमाणपत्रं दिल्याची प्रकरणं झालीच आहेत, त्यामुळे हे ‘गोऱ्या श्रीमंतांचं’ म्हणून झटकू नये. आपल्याच मंडळातल्या कुणीतरी कुणाला ‘ओळखीने होतं का’ असं विचारलेलं माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या प्रत्येक जागेवर पहाटे साडेचारला उठणारं एक मूल होतं.

पैशांचं आता सगळं नवीन आहे. १९५५ मध्ये रे डेनिसन नावाचा कोलोरॅडोतला खेळाडू कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली, कोर्टाने १९५७ मध्ये नाही म्हटलं. त्याच काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द रुजवला, तो अशाच दाव्यांना उत्तर म्हणून. खेळणारा हा विद्यार्थी, कामगार नव्हे, म्हणून कॉलेजचं देणं नाही. आपण तो शब्द किती अभिमानाने फेसबुकवर लिहितो. ती भिंत आता ढासळते आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादांबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना १० वर्षांत मिळून जवळपास २८० कोटी डॉलर, आणि तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट देता येतात.

ऐकायला गोड आहे. पण त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो, आणि त्याच तडजोडीने संघात किती मुलं ठेवायची यावर मर्यादा आली. आपली मुलं बहुतेक पोहण्यात, टेनिसमध्ये, धावण्यात, गोल्फमध्ये. आधी वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, सामावली गेली असती अशी पोरं त्यामुळे बाहेर राहिली. तेव्हा ‘रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, माझी जागा लेखी आहे का, आणि ती किती वर्षांची’ हा प्रश्न आता पहिला. त्या कॉलेजकडून खेळण्याचं बांधून घेणारं जुनं ‘लेटर ऑफ इंटेंट’ २०२४ मध्येच बंद झालं, सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर, आणि तो एक वर्षाचा असू शकतो. पुण्या-मुंबईहून टेनिससाठी इथे येणाऱ्या मुलांच्या आईबाबांना आणखी एक: एफ-१ व्हिसावरच्या मुलाने जाहिरातीत नाव-चेहरा वापरू देऊन इथे पैसे कमावले तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. एजंट काहीही म्हणो, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

सहीआधी काय विचारायचं ते मला आता सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. संघाचा डॉक्टर आणि ट्रेनर कुणाला उत्तर देतात, क्रीडा विभागाला की विद्यापीठाच्या दवाखान्याला? ट्रेनरने ‘थांब’ म्हटलं तर कोचला ते मोडता येतं का? मोठ्या कॉन्फरन्सेसनी, म्हणजे कॉलेजांच्या क्रीडा-गटांनी, २०१६ मध्येच नियम केला की खेळाडूच्या तब्येतीबाबत डॉक्टर-ट्रेनरचा शब्द शेवटचा, त्यात कोचने हात घालायचा नाही. हा नियम मला माझ्या मुलीच्या त्या गुरुवारी माहीत असता तर! कोचला विचारा, हा नियम तुमच्याकडे कसा पाळता, आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा पाहा. मागच्या तीन वर्षांत किती मुलांनी संघ सोडला, ते विचारा. त्यांच्यातल्या एकदोघांना फोन करा. दुखापतीचा खर्च पहिल्यांदा आपल्याच विम्यावर येतो, कॉलेजचा विमा त्यानंतर; डिडक्टिबल, म्हणजे विम्याआधीचा आपला वाटा, आम्हीच भरला. कॉलेज संपल्यावर त्याच दुखापतीचं काय होतं तेही विचारा. एनसीएएने २०२४ पासून खेळाडूचं खेळणं संपल्यावर दोन वर्षांपर्यंतच्या उपचारांसाठी विमा आणला आहे, पण आमच्या मंडळात तो कुणालाच माहीत नव्हता.

आणि १८ वर्षं पूर्ण झाली की मुलाचे वैद्यकीय कागद आपल्याला दाखवत नाहीत. मुलाची तयारी असेल तर त्याच्याकडून संमतीपत्र सही करून घ्या, ऑगस्टमध्ये सामान बांधतानाच. क्लबमध्ये असताना सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळांतल्या अत्याचारांविरुद्धच्या यंत्रणेचं, जे कवच होतं, ते कॉलेजच्या संघाला तसंच्या तसं लागू नाही. तिथे टायटल नाइनचं, म्हणजे लिंगभेद आणि लैंगिक छळाच्या तक्रारींचं, कार्यालय असतं. त्या कार्यालयाचा नंबर मुलाच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी टाका, पण मिशिगन स्टेटचं २०१४ विसरू नका: गुन्हा असेल तर कॉलेजच्या चौकशीची वाट न पाहता पोलिसांकडे थेट जाता येतं.

मुलांशी बोलण्याचं अवघड आहे. डॉक्टरने तपासताना काय करावं, काय करू नये, हे आपण मराठीत बोलूच शकत नाही असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. शब्दच नाहीत असं वाटायचं. शब्द होते, मला लाज होती. मी माझ्या मुलीशी हे बोलले ती २० वर्षांची झाल्यावर, शस्त्रक्रियेनंतर, तिच्या हाताला झोळी बांधताना. ती म्हणाली, ‘आई, हे तू मला बारा वर्षांची असताना सांगायला हवं होतंस, तेव्हाही आम्हाला फिजिओ हात लावायचेच.’ तुमची मुलं आज बारा वर्षांची असतील तर आजच बोला. इंग्रजीत सोपं जात असेल तर इंग्रजीत बोला.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक मागणं आहे. अधिवेशनात आपण शेअर बाजारावर, इस्टेट प्लॅनिंगवर, कॉलेज प्रवेशावर सत्रं ठेवतो. कॉलेजात खेळून आलेल्या आपल्याच मुलामुलींचं एक सत्र ठेवा, आईबाबांसाठी, आणि त्या वेळी स्टेजवर मोठ्यांपैकी कुणीही बसू नये. मराठी शाळेतही एखादा रविवार काढता येईल. डॉक्टर आपल्यात पुष्कळ आहेत, वकीलही आहेत. करार वाचून द्यायला कुणी फी मागेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे तो गुरुवारचा फोन आता पुन्हा येणार नाही, मुलगी पोहायची थांबली. तुमच्याकडे येईल. संध्याकाळी, तुम्ही गाडीत असाल, मागे वाऱ्याचा आवाज असेल, आणि मूल विचारेल, काय करू? गाडी बाजूला घ्या. ‘ट्रेनरने नेमकं काय सांगितलं, लेखी दिलंय का, ते मला पाठव’ एवढं म्हणा आणि मग ते काय सांगतं ते ऐका.

ज्यांना करार वाचून हवा असेल त्यांनी रविवारी मराठी शाळेच्या वेळेत कागद घेऊन या. मी मागच्या बाजूला, कॉफीच्या टेबलापाशी असते, साडेबारापर्यंत.

तुमची,
मंडळातलीच एक आई